लंकाबाईचं तोंड

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. एवढं वाचलं की पुढे रडगाणं येणार, असं तुम्हाला वाटलं असेल. म्हातारा बोर्ड आपल्या दुखऱ्या कोपऱ्यांचं गाऱ्हाणं सांगणार आणि शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणार. तशी आशा धरून बसला असाल तर उठलात तरी चालेल. मी त्यातला नाही. मला वर्गातून काढून टाकलेलं आहे, आणि खरं सांगू का, मला त्याचा अभिमान आहे. आता का काढलं ते ऐका.

माझा जन्म भिंगारचा. लष्करी सामानाची रिकामी खोकी लिलावात निघत. ती घेऊन पुंजाराम नावाचा सुतार त्यांतून पाट, देव्हारे, शाळेची बाकं असं काहीबाही करायचा. नगरच्या एका चित्रकला विद्यालयाने त्याला बोर्ड करायला सांगितले आणि खोक्याच्या देवदारी फळ्यांतून मी निघालो. पुंजारामने माझ्यावर रंधा मारला, पाठीमागे दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि पॉलिश पेपरने घासून मला असा गुळगुळीत केला की माशी बसली तर घसरावी. बोर्ड सपाट पाहिजे, बोर्डाला स्वतःचं काही नको, असं तो गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी कागद वागवले. एक निघाला की दुसरा लागायचा. पोरं त्यावर सुरई काढत, केळी काढत, प्लास्टरचं नाक आणि प्लास्टरचा कान काढत. चित्र कागदाच्या वरच्या अंगाला आणि मी खाली, त्यामुळे माझ्या छातीवर काय चाललंय ते मला दिसायचं नाही, फक्त पेन्सिलीचा दाब कळायचा. प्रदर्शन लागलं की कागद काचेच्या चौकटीत जाऊन मिरवायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात. पेन्सिलीचं कौतुक मी ऐकलं, कागदाचं ऐकलं, एकदा तर खोडरबराचंही ऐकलं. बोर्डाचं कौतुक करणारा मायचा लाल काही भेटला नाही.

पुढे हलके, चकचकीत बोर्ड आले आणि माझी रवानगी दाराआड झाली. कुणी मला पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं, कुणी माझ्यावर खिळे सरळ केले. वसतिगृहातल्या एका बहाद्दराने माझ्यावर मिरच्या-कोथिंबीर चिरली. कोपरा मोडला, अंगभर डाग पडले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या डागांनी माझं एक भलं केलं, मित्रांनो. ओळीत ठेवलेल्या बोर्डांमध्ये मी आता लांबूनही ओळखू येऊ लागलो.

अशात धनश्री आली. ती सोनईची. घरी ऊस आणि कांदा, आणि पोरीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं वडिलांचं ठाम मत. ही हट्टाला पेटून चित्रकलेला आली होती. पहिल्याच दिवशी एसटीने तिला उशीर केला, चांगले बोर्ड पोरांनी पटकावले आणि दाराआडचा मी तिच्या वाट्याला आलो. तिने माझ्यावरून हात फिरवला, मोडका कोपरा चाचपला आणि म्हणाली, हाच चालेल. नाइलाजाने म्हणाली हे मला कळलं, तरी बरं वाटलं.

वर्ग श्रीमंत सरांचा. सरांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. त्यांचा हात असा की त्यांनी मान वर करून समोरच्या माणसाकडे एकदा बघावं आणि कागदावर तो माणूस येऊन बसावा. पोरांनीही तसंच काढावं यासाठी त्यांनी हाडाची काडं केली. फक्त त्यांच्या लेखी चित्र म्हणजे कागद, पेन्सिल आणि प्रमाण. त्यापलीकडे काही दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

दर शनिवारी माणूस समोर बसवून चित्र काढायचा तास असे. त्या वर्षी बसायला लंकाबाई यायची. ती पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून दरसाल दिवाळी सरली की ऊसतोडीला जायची, ती कमरेने जवाब देईपर्यंत. आता मुलगा नागापूरला एमआयडीसीत कामाला, म्हणून तीही नागापूरला. चित्रं काढणार म्हणून ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, अगदी लग्नाला निघाल्यासारखी यायची आणि लाकडी चौथऱ्यावरच्या खुर्चीत ताठ बसायची.

लंकाबाई बसायची, पण तिचे हात बसायचे नाहीत. थोडा वेळ गेला की पदराचं टोक बोटांत यायचं आणि बोटं त्याला पीळ घालू लागायची. तोडलेल्या उसाची मोळी उसाच्याच वाढ्याने, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पात्यांनी बांधतात. पात्यांना पीळ द्यायचा, बंध करायचा, मोळीभोवती आवळायचा, की लगेच पुढची मोळी. जन्मभर हेच केलेले हात ते, त्यांना रिकामं राहणं ठाऊकच नव्हतं. मावशी, हलू नका, असं म्हणत सर ते हात उचलून गुडघ्यांवर ठेवायचे. मग सगळा वर्ग गुडघ्यांवर हात ठेवलेली एक म्हातारी काढायचा.

धनश्रीनेही काढली. सरांनी छान म्हटलं, इतर पोरांना दाखवली. धनश्री मात्र तोंड वाकडं करून बघत राहिली. ही कुठलीही म्हातारी असू शकते, असं ती पुटपुटली आणि तिने तो छान कागद टराटरा फाडला. त्या क्षणी ही पोरगी मला आवडली.

पुढच्या शनिवारी तिने घरून वाढ्याची पेंढी आणली. सर दुसऱ्या वर्गावर गेले तशी तिने ती लंकाबाईच्या मांडीवर ठेवली. काही सांगावं लागलं नाही. ते हात असे सुटले की सगळी पोरं बघत राहिली. धनश्रीने कोळसा घेतला आणि हात जातील तिकडे तीही जाऊ लागली. एका हातावर दुसरा हात, त्यावर तिसरा, खोडणं नाही की थांबणं नाही. शेवटी कागद फाटला. तिने पिना उपटल्या, कागद फेकला आणि कोळसा सरळ माझ्या अंगावर टेकवला.

मित्रांनो, इतकी वर्षं जे कागदाच्या नशिबी होतं ते त्या दिवशी माझ्या नशिबी आलं. मी कुणाच्या खाली नव्हतो. माझ्यावर काही नव्हतं आणि सगळं माझ्यावर होतं. मी सुखावलो.

मग काही आठवडे तिने माझ्यावर काय काय केलं म्हणता! लंकाबाईने वळलेले बंध तिने गोंदाने चिकटवले. बारदान फाडून त्याची वाकलेली पाठ केली. काव फासली, राख फासली, वर पुन्हा कोळसा. एक पोरगा म्हणाला, पाखराने घरटं केलंय. धनश्रीने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तोंडाच्या जागी मात्र तिने काहीच काढलं नाही. तिथे माझं उघडं लाकूड आणि जुने डाग तसेच ठेवले. सरांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते ती मनात घोकत होती. पण सरांच्या आधी लंकाबाईने बघितलं.

ती चौथऱ्यावरून उतरून माझ्यासमोर आली.

"माझं तोंड कुठं गेलं?"

धनश्री समजावायला लागली. हे तुमचे हात आहेत मावशी, ही तुमची पाठ, तुम्ही जन्मभर जे काम केलं ते आहे यात. लंकाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"हात आन् पाठ समद्यांनी बघितली, पोरी. मुकादमानं बघितली, कारखान्यानं बघितली. तोंड कुनी बघितलं न्हाई. तू तरी बघायचं हुतं."

एवढं बोलून ती पिशवी घेऊन निघून गेली. सरांसाठी घोकलेलं एकही उत्तर इथे चालणार नव्हतं. धनश्री माझ्यासमोर मटकन बसली. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मला उचलून आपटेल. तिने दोन्हीही केलं नाही.

पुढच्या शनिवारी लंकाबाई येते की नाही याची आम्हा दोघांना धास्ती होती. ती आली, तेच हिरवं लुगडं नेसून. मॉडेलने भिंतीवरच्या ठरलेल्या खुणेकडे बघत बसायचं असा वर्गाचा नियम. धनश्री तिला म्हणाली, मावशी, भिंतीकडे नको, माझ्याकडे बघा. मग तिने कटर घेतला आणि माझ्या उघड्या लाकडात रेघा कोरायला लागली. दुखलं, चांगलंच दुखलं. कपाळाच्या आठ्या, गालाची खळगी, मिटलेले ओठ, आणि दोन डोळे, तेही सारखे नाहीत. ना छाया ना प्रकाश, ना सरांचं प्रमाण. झाल्यावर तिने स्वतःच लंकाबाईला बोलावलं. लंकाबाईने माझ्यावरून बोट फिरवलं.

"नाक माझं न्हाई," ती म्हणाली. "पन बघतीया माझ्यावानी."

त्यावर दोघी हसल्या. मीही हसलो असतो, पण माझ्यावरचा गोंद अजून ओला होता.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा सरांनी मला नीट पाहिलं. ते ओरडले नाहीत, उलट काळजीनेच बोलले. परीक्षक बाहेरून येतात, त्यांना कागदावरचं चित्र लागतं, हे त्यांच्यासमोर ठेवलं तर ते याला चित्रच म्हणणार नाहीत. शिवाय बोर्ड विद्यालयाचा आहे. तेव्हा आजच हा खरवडून साफ करायचा आणि मावशींना बसवून नव्या कागदावर व्यवस्थित काम करायचं. नाहीतर सर तिचं काम परीक्षेला लावणार नव्हते, आणि मग वर्ष गेलंच म्हणून समजायचं.

लंकाबाई खुर्चीत बसलेली होती. वर्ष जाणार म्हटल्यावर ती घाबरली. म्हणाली, "खरवड पोरी. माझ्या तोंडापायी तुझं वरीस नको."

धनश्री उठली, कपाटातून पटाशी काढली आणि सरांसमोर धरली.

"सर, माझ्याच्याने होणार नाही. तुम्हाला बरोबर वाटत असेल तर तुम्ही खरवडा."

सरांनी पटाशी घेतली. मला आडवं पाडलं आणि पहिला घाव बारदानाच्या पाठीवर घातला. एक तुकडा निघाला, त्याबरोबर माझी सालही निघाली. मग ते वर सरकले, तोंडापाशी आले आणि थांबले. सवयीने त्यांनी मान वर करून लंकाबाईकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे, मग पुन्हा वर. लंकाबाईचे हात घाबरून पदराला पीळ घालत होते. सर तिला हलू नका म्हणाले नाहीत. मग त्यांनी पटाशी जमिनीवर ठेवली.

"घेऊन जा हे," ते म्हणाले. "माझ्या वर्गात नको."

असा मी वर्गाबाहेर झालो. धनश्रीने दुसरं काम दिलं नाही, सरांनी माझ्यावरचं लावलं नाही, आणि तिचं वर्ष खरंच गेलं. सोनईला घरी बोलणी बसली, वडील महिनाभर तिच्याशी धड बोलत नव्हते. यंदा ती पुन्हा त्याच वर्गात बसते, असं कानावर येतं. पेन्सिलही झकास चालवते आणि घरून पोत्यात भरून काय काय आणतेही. सर आठ्या घालतात आणि बघतात. मॉडेलने भिंतीकडेच बघायचं हा नियम मात्र त्यांनी कुणाला न सांगता सोडून दिला आहे.

आणि मी? धनश्रीने मला लंकाबाईच्या हवाली केलं आणि तिने मला डोक्यावर घेऊन नागापूरला नेलं. मुलगा म्हणाला, फळी बरी आहे, कापून चौरंग करू. लंकाबाईने त्याला असं काही सुनावलं की त्याने स्वतःच भिंतीत खिळा ठोकला. आता मी दारासमोरच्या भिंतीवर असतो. शेजारच्या बाया येतात, नाक मुरडतात आणि हे कोण म्हणून विचारतात. "मी हाय," लंकाबाई म्हणते आणि चहा टाकायला जाते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काळजी घ्या असं सांगायचं असतं म्हणे. मीही सांगतो, पण माझ्या पद्धतीने. मला पुसू नका, घासू नका, माझ्या बारदानाचा निघालेला तुकडा शिवायला येऊ नका. कुणाचं चित्र काढायला बसलात तर त्याचे हात हलू द्या, आणि त्याने तोंड मागितलं तर तोंड द्या, मग वर्ष जावो नाहीतर राहो. नागापूरला आलात तर जरूर या. दारात उभं राहून नाव विचारत बसू नका, पुढे या. लंकाबाई तुमच्याकडे बघतेच आहे. तुम्हीही तिच्याकडे बघा.