मांजरेच्या काठावर मशीन

देगलूर तालुक्यात मांजरा नदीच्या काठाला तेलुगू बोलणाऱ्या मन्नेरवारलू आदिवासींची वस्ती आहे. पाण्यात मासे धरायचे आणि उन्हाळ्यात रेतीत टरबुजाचे वेल लावायचे, यावर वस्तीचं पोट. नवरा वारल्यावर रेणुकानं त्याचं जाळं हाती घेतलं, तेव्हापासून नदीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नव्हती.

एका तेल कंपनीला नेमका तोच काठ पाहिजे होता. खाली तेल आहे का ते बघायला तिथं खोल भोक पाडायचं होतं. ग्रामसभेनं हात वर करून ‘न्हाई’ म्हटलं. तरी एका सकाळी पुढं पोलिसांची जीप अन् मागं मोठी मशीन, अशी वरात रामलिंग पाटलाच्या वावराकडं वळली. काठाला जायला दुसरी वाट नव्हती, आणि पाटलानं वाट दिली अशी गावभर बोलवा होती.

रेणुकानं हाक मारली. वस्ती धावली. बौद्धवाड्यातून पार्वतीबाई बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या विहिरीच्या भांडणात हीच वस्ती त्यांच्या बाजूनं उभी राहिली होती. सगळ्या वाटेतच बसल्या.

कंपनीचा साहेब खाली उतरला. “बाई, तुमच्याच पोरांना नोकऱ्या देणार आहोत.”

“पोरं नदीवर जगून राहिलीत, साहेब. तेल पाण्यात उतरलं तर तुमची नोकरी मासे जित्ते करती का?”

“अहो, नुसती तपासणी आहे.”

“कामून? आमची नदी काय बिमार हाय?”

बायका खळखळून हसल्या. रेणुकाची म्हातारी सासू धोंडाबाई काठी आपटत तेलुगूत ओरडली, “पो! पो!” निघा म्हणतेय, हे पोलिसांनाही कळलं.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. वर रामलिंग. आता हा आपल्याला हटवणार, असंच रेणुकाला वाटलं. रामलिंगनं मात्र बायकांना वळसा घालून ट्रॅक्टर मशीनच्या तोंडाशी आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली.

“पाटील, तुम्ही शब्द दिला होता!” साहेब चिडला.

“दिल्ता. ग्रामसभेच्या आधी. माझी मोटर बी ह्याच नदीत हाय. वावर माझं, वाट बंद.”

मशीन माघारी फिरली. पोलिसांनी राग काढला रेणुकावर. तिला जीपमध्ये घालून ठाण्यात नेलं.

“माफी माग, सोडतो,” फौजदार म्हणाला.

“कशाची? आपल्याच दारात बसल्याची?”

ती बाकड्यावर बसून राहिली. बाहेर सगळी वस्ती, बौद्धवाड्यातल्या बायका आणि रामलिंगही. दुपारून पार्वतीबाईंची लेक महामाया नांदेडहून आली. ती वकील. तिनं फौजदाराला अटकेचा कायदा वाचून दाखवला, तेव्हा रेणुका सुटली. वाट अडवल्याचा गुन्हा तेवढा राहिला.

कंपनी कोर्टात गेलीय. निकाल लागायचाय, तोवर काम बंद. रेणुका आपल्या गुन्ह्याच्या तारखेला बाजारात मासळी विकूनच कोर्टात जाते. मागच्या तारखेला सरकारी वकिलानं विचारलं, “पुन्हा वाटेत बसणार का?”

महामायानं डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं. रेणुकानं पदर खोचला.

“हाव. मशीन आली की बसणार.”