दातांनी ऐकलेलं इंजिन

चहा घेणार का म्हणून विचारलं, तर हे हसले आणि मान हलवली. टोपी कुठे टाकलीत म्हणून विचारलं, तरी हसले आणि मान हलवली. परका देश, शर्यतीचं मैदान, पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या घेऊन आलेले कुठले कुठले लोक, आणि त्यांच्यात माझा नवरा नंदीबैलासारखा उभा. माणसाने विचारलं त्याचं उत्तर द्यावं, एवढीही रीत राहिली नाही यांच्यात.

खरं कारण मला ठाऊक आहे. यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मला कळलंय हे यांना माहीत नाही, आणि मीही कळू दिलेलं नाही. बायकोला सांगायला काय जीभ झिजते, म्हणून मी आतल्या आत जळते. पण का सांगत नाहीत, तेही समजतं.

हे बसच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाले त्याच साली आमच्या थोरल्याने आणि त्याच्या मित्राने, तो दातांचा डॉक्टर, कुठल्याशा गोदामातून ही गाडी ओढून आणली. दोन माणसांची, बिनछताची, वयाने माझ्याएवढी, आणि माझ्यापेक्षा जास्त गंजलेली. अकरा वर्षं ती आमच्या मागच्या अंगणात होती. यांनी तिचा खिळा न् खिळा जागेवर आणला. सीटचं चामडं मी शिवलं. थोरला आठवडाभर शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी ही गाडी पळवतो. डॉक्टर चाकं बदलतो, घड्याळ धरतो. एवढीच आमची टीम. चौथी मी, पण मला कुणी टोपी दिलेली नाही.

टीमचा नियम एकच. गाडी हलण्याआधी हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवणार, त्याची मूठ कानाला लावणार, डोळे मिटून ऐकणार आणि म्हणणार, "सोडा." तो शब्द आल्याशिवाय थोरला क्लचवरचा पाय उचलत नाही. यांच्या म्हातारपणाची सगळी ऐट त्या एका शब्दात आहे. बहिरे म्हटल्यावर तो शब्द कोण विचारणार?

दोन वर्षांपूर्वी ती मूठ कानाकडून दातांकडे आली. दातांत घट्ट धरायची आणि ऐकायचं. पोरांना वाटलं, म्हाताऱ्याची लकब. मी त्याच दिवशी ओळखलं. कान गेले होते, पण जबड्याच्या हाडातून इंजिन अजून आत पोचत होतं.

आणि मग डॉक्टरने प्रेमाने घोटाळा केला. गाडी बोटीने पुढे रवाना झाली, तशी तो म्हणाला, काका, परदेशात फोटो निघणार, हे हलणारे दात घेऊन कुठे जाता. उरलेसुरले सगळे काढले आणि वरची-खालची नवी कोरी कवळी बसवून दिली. दहा वर्षांनी तरुण दिसता, असं मीसुद्धा म्हणाले. जीभ झडो माझी. खोट्या दातांतून इंजिन हाडापर्यंत पोचणार नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, यांच्याही नाही.

सरावाच्या सकाळी थोरला हेल्मेट घालून बसला. इंजिन चालू झालं. यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ नव्या दातांत धरली, डोळे मिटले. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. ओळखीच्या दारावर थाप मारावी आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं ते तोंड झालं. मूठ डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. बाकीच्या गाड्या निघाल्या होत्या. थोरला वाट बघत होता. डॉक्टर घड्याळ बघत होता.

"सोडा," हे म्हणाले.

आणि मला ऐकू आलं. टक. मग पुन्हा टक. मी काही मेकॅनिक नव्हे, पण अकरा वर्षं त्या आवाजात मी भाजी चिरली आहे, भांडणं केली आहेत. घरच्या माणसाचा घसा बसला तर आपल्याला कळतंच ना, तसं ते कळलं.

ओरडले असते तर चारचौघांत नवऱ्याची लाज गेली असती. गप्प बसले असते तर मुलगा गेला असता त्या गाडीत बसून. मी यांचं मनगट धरलं आणि त्यावर बोटाने वाजवलं, जसं आत वाजत होतं तसं. टक. टक. यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सगळं ठाऊक आहे आणि कधीपासून, ते त्या एका नजरेत यांना समजलं. यांनी हात वर केला. गाडी दहा पावलं गेली होती, ती थांबली.

उघडून बघितलं तर वॉल्व्हवरचा एक नट ढिला होऊन पार टोकाला आला होता. दोन फेऱ्यांत आतला सगळा चुरा झाला असता, तोही वळणावर, भर वेगात. थोरला पांढराफटक पडला. डॉक्टरने यांना मिठी मारली आणि म्हणाला, काय कान आहेत काका तुमचे, मला तर काहीच आलं नाही ऐकू. शेजारच्या शेडमधले दोघे येऊन यांचा हात हलवून गेले. मी मनात म्हटलं, झालं, आता गप्प बसा. मी मरेपर्यंत बोलणार नाही. आणि थर्मासचं झाकण फिरवत पाठ केली.

तर यांनी तोंडात बोटं घातली, दोन्ही कवळ्या काढल्या आणि पुसायच्या फडक्यावर ठेवल्या.

"कान नाहीत मला," हे म्हणाले. बोळकं तोंड, शब्द फुसफुसत होते, पण सगळ्यांना समजले. "दोन वर्षं दातांनी ऐकत होतो. तेही गेले. आज हिने ऐकलं. उद्या माझ्या शब्दावर गाडी सोडू नका."

डॉक्टर त्या फडक्याकडे बघतच राहिला. मग डोळे पुसायला शेडच्या मागे गेला. थोरला यांच्या पुढ्यात उकिडवा बसला, ओठ दिसतील असा, आणि सावकाश म्हणाला, आई ऐकेल, काय बिघडलंय ते तुम्ही सांगा, आणि 'सोडा' तुम्हीच म्हणायचं. मला कुणी विचारलंय का, असं मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. चाळीस गाड्यांत आमची एकतिसावी आली. डॉक्टर असा नाचला की बघणाऱ्याला वाटावं पहिलीच आली. हे टायरांच्या ढिगावर एकटेच बसले होते. मी शेजारी टेकले. माझ्याकडे न बघता यांनी विचारलं, "रागावलीस?"

मी यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अशी बोलले की पलीकडच्या शेडमधली माणसं वळून बघायला लागली.

"रागावलेय. घरी गेल्यावर कानाला यंत्र लावायचं, आणि मग दोन वर्षांचं साठलेलं सगळं ऐकवणार आहे, एकही शब्द सोडणार नाही. पण काल स्वतःचा मान राखला नाहीत, पोर राखलंत. नवरा चांगला निघाला माझा."