मोठं दाखवणारं तोंड

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत आणि त्यातल्या एकाची मला लाज वाटते. मी एक जुना हातआरसा. समोरून पाहिलंत तर तुमचा चेहरा जसा आहे तसाच दिसेल. उलटा करून पाहिलंत तर नाकावरचा तीळही बोराएवढा दिसेल.

कारखान्यात माझ्या काचेला चंदेरी लेप दिला, कडेनं पितळी पट्टी बसवली आणि भुशात गुंडाळून मला दुकानात धाडलं. तिथून मी त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आलो. कापसाच्या डब्याशेजारी माझी जागा होती. बाईंची मदतनीस मला रोज मऊ फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, "याच्यापासून काही म्हणता काही लपत नाही!" हे ऐकून मी फुगून जायचो. माझ्या उलट्या तोंडात डोकावलेली माणसं एवढंसं तोंड करून परत जायची, आणि मला वाटायचं, वा, काय आपली करामत!

एका सकाळी एक आई आली. सोबत तिची लहान मुलगी होती. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून दोघी हातांनी बोलायच्या. आईनं बोटांनी काहीतरी खूण केली आणि भुवया उंच नेल्या. तिच्या कपाळावर तीन आठ्या उमटल्या. मुलीनं लगेच मान हलवली, "नाही, कंटाळले नाही." मदतनिसाला गंमत वाटली, तेव्हा आई म्हणाली, "खूण तीच असते हो. भुवया वर गेल्या की तिला कळतं, आपल्याला विचारतायत. नाहीतर नुसतं सांगितल्यासारखं होतं."

मग आई खुर्चीत बसली आणि तिचा आवाज बारीक झाला. "घरी सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून आले. खरं सांगायची लाज वाटली. परवा जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, कपाळावर वही आखून घेतलीस की काय? त्यांनी तिशीतच सुरकुत्यांची इंजेक्शनं सुरू केली. म्हणतात, आता घेतली नाहीस तर मग बस रडत. खरंच आता सुरू करायला हवं का?"

डॉक्टरबाईंनी तिला भुवया उचलायला लावल्या, मग स्वस्थ बसायला सांगितलं. "स्वस्थ बसलात की रेषा जवळजवळ दिसतही नाहीत," त्या म्हणाल्या. "याचं असं ठरलेलं वय नसतं. घ्यायचं तर घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नको असेल तर थांबा. फक्त घेतलंत की काही महिने कपाळ फारसं हलणार नाही."

आईचा चेहरा जरा मोकळा झाला होता. तेवढ्यात तिनं मला उचललं आणि नेमकं उलटं तोंड समोर धरलं. मी माझं काम चोख केलं. एकेक रेष अशी दाखवली की कपाळ नांगरून ठेवल्यासारखं दिसावं.

"अगं बाई!" ती पुटपुटली. "आजच द्या. पण नंतर कसं दिसेल हो?"

मदतनिसानं तिच्या कपाळावर आडवी पारदर्शक चिकटपट्टी ताणून लावली. कपाळ गुळगुळीत झालं. आई खूश होऊन मुलीकडे वळली आणि तिनं पाण्याची खूण केली. पाणी हवं का, असं तिला विचारायचं होतं. पण भुवया जागच्या हलल्या नाहीत.

मुलीनं इकडेतिकडे पाहिलं. तिला वाटलं, आई पाणी आणायला सांगतेय. आईनं पुन्हा खूण केली. मुलगी भेदरली. आपलं काही चुकलं का, ते तिला कळेना. मग ती आईच्या मांडीवर चढली, दोन्ही अंगठे तिच्या भुवयांखाली लावले आणि जोर करून भुवया वर ढकलल्या. पट्टीचं एक टोक सुटलं. तीन आठ्या परत आल्या. मुलीचा जीव भांड्यात पडला. तिनं जोरजोरात मान डोलावली, "हवं! हवं!"

आई इतकी ओशाळली की तिला वर बघवेना. पट्टी हातात चुरगाळत ती म्हणाली, "घरात सगळे हिला सांगतात, हे कर, ते नको करू. विचारते ती एकटी मीच. आणि तेच मी आज बंद करायला निघाले होते."

डॉक्टरबाईंनी सुईचा ट्रे बाजूला सारला आणि मुलीला पाणी दिलं.

"आज नको," आई उठत म्हणाली. "पुढे कधी वाटलं तर येईन. पण ते माझं मी ठरवेन, जाऊबाई नाही. आणि सासूबाईंना सांगते, दात शाबूत आहेत!" सगळे हसले. मी मात्र ट्रेवर पडलो होतो आणि माझं उलटं तोंड कुठे लपवू असं मला झालं होतं.

आता माझी पितळी पट्टी काळवंडली आहे. दवाखान्यात कॅमेऱ्यातून चेहरा दाखवणारा मोठा स्क्रीन आला आणि मी खणात, कापसाखाली गेलो. तक्रार नाही. पण मित्रांनो, कधी मी तुमच्या हाती लागलो, तर काच पुसून मला सरळ धरा, हात लांब करून. उलट्या तोंडात कपाळाचा एवढासा तुकडाच मावतो. त्या आठ्यांकडे टक लावून, उत्तर द्यायला टपून बसलेली मुलगी त्यात मावत नाही.