धाकट्याच्या टोकावरचं कुंकू

कोइमतूरच्या त्या इस्पितळात दोन राउटर होते. तिथलं इंटरनेट सांभाळणारी पूंगोडी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची. दोघांच्या बाहेर जाणाऱ्या केबली तिनं अशा एकत्र बांधल्या होत्या, की ओझं दोघांनी वाटून घ्यावं आणि एक पडला तर दुसऱ्यानं सगळं उचलावं. "एक मेला तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही," असं ती डॉक्टरांपुढे छातीठोकपणे सांगून बसली होती. बोलायला काय जातं!

विजयादशमीच्या सकाळी डोंगरातल्या वालपारैच्या दवाखान्यातून फोन आला. चहाच्या मळ्यातल्या अंगम्माळची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. तिथं मेंदूचा डॉक्टर नाही. मेंदूचे फोटो इथं यायचे, डॉक्टर तिलगवती ते बघायच्या, मगच तिकडे गुठळी विरघळवणारी सुई. आज फोटो निम्मा आला आणि अडकला.

"शेजारच्या खोलीत सिनेमा झकास चाललाय, अन् माझाच फोटो का अडतो?" डॉक्टर फोनवर कडाडल्या. "तुझ्या भावाभावांची भांडणं लागलीत का?"

दोन्ही राउटरांचे दिवे हिरवे होते. एखादा मेला असता तर दुसऱ्यानं उचललंच असतं. इथं कोणीतरी आजारी होतं आणि ठणठणीत असल्याचं सोंग करत होतं. ज्या फोटोच्या वाट्याला आजाऱ्याची वाट आली, त्याचं नशीब फुटकं; सिनेमा धडधाकटाच्या वाटेनं चालला होता. कुठल्या वाटेवर किती गळतंय हे मोजलं जायचं पलीकडच्या टोकाला, इंटरनेट कंपनीत, आणि सणाच्या दिवशी तिथं फोन कोण उचलतो!

"सगळंच बंद करून चालू करू," तिचे वरिष्ठ मुत्तुवेल अण्णा म्हणाले.

"वीस मिनिटं जातील, अण्णा. त्या बाईकडे आहेत का तेवढी?"

"मग एक केबल उपट. पण चुकीची उपटलीस तर सगळं इस्पितळ आजाऱ्याच्या गळ्यात पडेल, बघ हं."

ती बसली, उठली, परत बसली. समोर दोघांच्या कपाळी कालच्या आयुधपूजेचं, यंत्रांच्या पूजेचं, चंदन-कुंकू वाळलं होतं. थोरल्याचा टिळा वाकडा, कारण केबल आड येत होती. धाकट्याचा मात्र गोल, रेखीव. तो नीट लावता यावा म्हणून तिनंच काल केबल काढली होती, टोपण न घालता खाली लोंबत सोडली होती, वरून चिमूटभर कुंकू उधळलं होतं, आणि मग केबल न पुसताच परत जोडली होती.

तिनं धाकट्याची केबल उपटली.

"आला! आला फोटो!" फोनमधून आवाज आला. केबलच्या टोकाला, उजेड वाहून नेणाऱ्या केसाएवढ्या काचेवर, तांबडा कण चिकटला होता.

"नोंदवहीत 'धूळ' लिही," अण्णा हळूच म्हणाले. "कुंकू लिहिलंस तर वर्षभर दात काढतील."

तिनं डॉक्टरांना विचारलं, सुई वेळेत गेली का.

"गेली. पण अर्धा तास आधी गेली असती तर बरं होतं. हात येईल. वाचेचं आत्ता सांगता येत नाही."

पूंगोडीनं वहीत लिहिलं: धाकट्याच्या केबलवर कुंकू. लावणारी पूंगोडी. मग टोक पुसून केबल परत जोडली.

संध्याकाळी तिनंच वालपारैला फोन लावला. "हात उचलतेय," नर्स म्हणाली. "बोलत नाही अजून."

"फोन जरा तिच्या कानाशी धराल?"

नर्सनं धरला. "अक्का," पूंगोडी म्हणाली, "चूक माझी झाली." दोन्ही वाटा आता स्वच्छ होत्या. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला.