एकाच तारेतल्या दोन किल्ल्या

भाड्याची गाडी ताब्यात घेताना ह्यांनी एकोणचाळीस फोटो काढले. उभा जन्म विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेला. ओरखडा दिसला की ह्यांचा चष्मा आपोआप नाकावर चढतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, चार दिवसांसाठीच घेताय ना, की लग्न लावताय तिच्याशी?" हे हसले नाहीत. "परत देताना वाद नको. आधीचे व्रण आधीच दाखवलेले बरे." टायर झाले, स्टेपनी झाली, वायपरसुद्धा झाले. किल्ल्या मात्र कुणी पाहिल्या नाहीत. दोन होत्या, एकाच जाड तारेत ओवून पिरगळलेल्या. मला वाटलं, बरंच झालं, एक हरवायला नको. माझी अक्कल ती एवढीच.

लेक आणि जावई हॉटेलवर आराम करणार होते, म्हणून दीड वर्षाच्या नातीला, आमच्या भिंगरीला, आम्ही फिरवायला नेलं. मागच्या सीटवर तिचे पट्टे बांधताना लेक म्हणाली, "आई, लक्ष दे गं तिच्याकडे." मी म्हटलं, "तुला काय शेजाऱ्यांनी वाढवलं?"

भर दुपारी, सामसूम रस्त्यावर चाकाखाली काहीतरी खडखडलं. ह्यांनी गाडी बंद केली, उतरून मागे गेले आणि ओरडले, "अगं ये जरा! हा ओरखडा आधीचा की आत्ताचा?"

भिंगरीने भोकाड पसरायची तयारी केली होती. घरच्या आमच्या जुन्या गाडीची किल्ली म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा, तो हातात दिला की पोर अर्धा तास गप्प. त्याच सवयीने मी किल्ल्या काढून तिच्या हातात दिल्या आणि उतरले. धूळ आत जाऊ नये म्हणून दारही लावलं. आम्ही दोघं वाकून फोटोशी ओरखडा ताडून पाहतोय, तोच टक्क झालं. चारही दारांतून एकदम.

ह्यांनी एक दार ओढलं. दुसरं ओढलं. आत भिंगरी बटणाच्या आवाजावर खूश होऊन किल्ल्या खुळखुळवत होती.

"पुन्हा दाब, सोन्या! असं, असं!" मी काचेबाहेरून बोटाने दाखवत होते. तिला वाटलं आजी खेळतेय. तिने टाळ्या पिटल्या आणि किल्ल्या निसटून सीटखाली गेल्या.

ह्यांनी काउंटरवरच्या मुलीला फोन लावला. "नात गाडीत अडकलीय. दुसरी किल्ली घेऊन कुणाला तरी पाठवा. लगेच."

"काका, दुसरी तुमच्याकडेच आहे. आम्ही दोन्ही एकत्रच देतो." मग तिचाही आवाज बदलला. "मेकॅनिक पाठवते. तासाभरात पोचेल."

"तास नाहीये," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

सगळ्या काचा बंद, एसी बंद. टपाला हात लागला तर चटका बसला. भिंगरी आता रडत होती, केस कपाळाला चिकटलेले. नोकरीत असताना ह्यांच्या टेबलावर अशाच बंद गाडीत दगावलेल्या एका मुलाची फाइल आली होती. त्यानंतर दोन दिवस हे जेवले नव्हते. मी विचारलं, "अहो, किती वेळ असतो हातात?"

"विचारू नकोस," हे म्हणाले.

तेवढ्यात तिचं रडणं थांबलं. मान एका बाजूला कलली. मी देवाला काय काय कबूल केलं, मलाच आठवत नाही.

हे रस्त्याच्या कडेचा टोकदार दगड घेऊन पुढच्या दाराशी गेले, तिच्यापासून सगळ्यात लांबच्या काचेशी. पहिला घाव मधोमध बसला. काही झालं नाही. "कोपऱ्यात... काच कोपऱ्यात फुटते," स्वतःलाच शिकवल्यासारखं हे पुटपुटत होते. दुसरा घाव निसटून पत्र्यावर गेला. मग ओठ आवळून, डोळे वटारून, घशातून ओरडत ह्यांनी तिसरा घातला. काच खळकन खाली आली. हात आत घालून दार उघडलं, मग मागचं. पट्टे मी कसे सोडवले कोण जाणे.

पोर भट्टीतून काढल्यासारखी गरम होती. रडेना. मी बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतलं. एक क्षण गेला, दुसरा गेला. मग तिने श्वास ओढला आणि टाहो फोडला.

ह्यांनी रक्ताळलेला हात पुढे केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, किंचाळली आणि माझ्या मानेत तोंड लपवलं. तो आरडाओरडा, ते डोळे, सगळं तिने आतून पाहिलं असावं.

"तुम्हाला घाबरली हो ती," मी म्हटलं.

"घाबरू दे." हे रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "रडतेय ना? रडू दे. मोठ्याने रडू दे तिला."

दवाखाना गाठेपर्यंत हे गाडी चालवत होते आणि मी तिला घेऊन मागे बसले होते. ती जरा गप्प झाली की हे दचकून आरशात पाहायचे.