आंबट भस्म

केसरबाईंचा शेवटचा धडधाकट रविवार देवगाव रंगारीच्या बाजारतळावर, तेजोमहाराजांच्या मांडवात गेला. मांडव खचाखच भरलेला. महाराजांनी निळ्याशार पाण्याच्या बाटलीत चिमूटभर भस्म टाकलं, बाटली उन्हात धरली आणि ओठ हलवले. दोन मिनिटांत पाणी नितळ झालं. बायांनी हात जोडले.

"प्लास्टिकचं, फवारणीचं विष तुमच्या पाण्यात हार्मोन होऊन बसलंय," महाराज माइकवर सांगू लागले. "हे भस्म म्हंजी न्यॅनो. न्यॅनो म्हंजी काय? सूर्यनारायणाचं बारीक रूप. ऊन लागलं की जागं होतं आन् विष गिळतं. हे पाणी पिणाऱ्याला सुईतलं हार्मोन कशाला पाहिजे?"

दहा वर्षं इन्सुलिनवर असलेल्या केसरबाई लेकीकडे वळल्या. "सोने, तू हेच करती ना गं?" सोनिया तोंड उघडेपर्यंत त्या उभ्याही राहिल्या. "महाराज, माझी लेक संभाजीनगरला प्रयोगशाळेत हेच करती. उन्हानं पाणी साफ करायचं."

महाराजांना आयता साक्षीदार सापडला. "व्हय का, ताई? सांगा सगळ्यांला. सायन्स बी हेच म्हणतं ना?"

सगळा मांडव सोनियाकडे बघू लागला. आईचा चेहरा नुसता फुलून आला होता. सोनियानं मान हलवली. "साधारण असंच," ती म्हणाली.

संध्याकाळी ती शहरात परतली. आई रोज फोनवर "बरी हाय" म्हणायची. शुक्रवारी शेजाऱ्यांनी केसरबाईंना बेशुद्धावस्थेत दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" शनिवारी त्या गेल्या.

तेराव्यानंतर शेजारच्या भामाबाई येऊन बसल्या. "म्या बी सुई बंद केली परवापासून," त्या म्हणाल्या. "महाराजाचं पाणी पिते."

"मावशी, आई कशानं गेली ते ठाऊक आहे ना?"

"तिची श्रद्धा कमी पडली म्हणत्यात. आन् तूच तर व्हय म्हणालीस की मांडवात."

"आधी सुई घ्या. मग मला काय बोलायचं ते बोला."

"उद्या रविवार हाय. महाराजाला इचारते, मग घेते."

"चला, मीही येते."

दुसऱ्या दिवशी तिला बघून महाराज गहिवरले. गहिवर त्यांच्या गळ्यात तयारच असे. "आई गेल्याचं दुःख मोठं असतं, ताई."

"एक शंका आहे. भस्म ऊन लागल्यावरच जागं होतं ना?"

"उन्हाबिगर त्याची ताकद शून्य."

सोनियानं पिशवीतून झाकणाचा स्टीलचा डबा काढला. "आमच्याकडं प्रत्येक प्रयोगात एक नळी काळ्या कागदात गुंडाळून ठेवतात. अंधारातही तेच झालं, तर ते उन्हाचं काम नव्हे. तुमची बाटली, तुमचंच भस्म. फक्त डब्यात ठेवू."

"देवाची परीक्षा घेऊ नये."

पुढच्या रांगेतले पुंजाराम महाराजांचे पक्के भगत. ते म्हणाले, "होऊन जाऊ द्या की, महाराज. अंधारात निळंच राहील. पोरगी तोंडावर पडंल."

टाळ्या पडल्या. महाराजांना मागं फिरता येईना. निळ्या पाण्यात भस्म पडलं, बाटली डब्यात गेली आणि डबा भामाबाईंनी मांडीवर घट्ट धरला. दोन मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा पाणी नितळ होतं.

"माझा मंत्र अंधारात बी चालतो," महाराज घाईनं म्हणाले.

"मग बाटली उन्हात कशाला धरता?" पुंजारामांनी विचारलं.

भामाबाईंनी महाराजांच्या पुढ्यातल्या ताटलीतलं भस्म जिभेला लावलं. "जन्मभर चुलीच्या राखेनं भांडी घासली म्या. राख आंबट कधीपासून झाली?"

"त्यात क जीवनसत्त्वाची पूड असणार," सोनिया म्हणाली. "मेडिकलमध्ये मिळते. या निळ्या रंगाला ती रंगहीन करते, ऊन असो नसो." तिनं मेडिकलमधून आणलेली तसलीच पुडी पिशवीतून काढून दुसऱ्या निळ्या बाटलीत रिकामी केली आणि बाटली भामाबाईंच्या हाती दिली. कुणी ओठ हलवले नाहीत, तरी पाणी नितळ झालं.

महाराज माइक ठेवून मांडवाच्या मागं वळले होते. सोनियानं तो उचलला.

"उन्हानं पाणी साफ करणारी पूड खरोखर असते. तिचे कण डोळ्याला न दिसण्याइतके बारीक असतात. ऊन पडलं की ते पाण्यातलं संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, बिघडवणारं विष तोडतात. त्याला तास लागतात. गढूळ पाण्यात तर ऊन आतच पोचत नाही. आणि त्या विषाला रंगच नसतो, म्हणून ते गेलं की नाही हे यंत्रावर मोजावं लागतं. प्रयोगशाळेत साफ केलेलं पाणी आम्हीही अजून पीत नाही. इन्सुलिनची जागा तर कुठलंच पाणी घेणार नाही. मावशी, घरी जाऊन सुई घ्या.

"कुणी काहीही दाखवलं तरी विचारा, दुसऱ्या कशानं हे होतं का? उलटं करून बघा. शिकलेल्या माणसानं मान हलवली म्हणून विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा."

तिनं माइक खाली घेतला. माइक चालूच होता.

"आई, मी त्या रविवारी खोटं बोलले. दोन मिनिटांत असं होत नाही, हे मला तिथंच कळलं होतं. तू इतकी खूश होतीस की मला 'नाही' म्हणवलं नाही."