जित्या घरचा कडू घास

प्रयागबाईंनी काठी आडवी धरली आणि बोळातल्या बायका जागच्या जागी थांबल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर दुरडी होती. तेजस्विनीची आठ वर्षांची समृद्धी येडगावच्या धरणात बुडून गेली, त्याला आज तिसरा दिवस. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. म्हणून आळीतली पिठलं-भाकरी कडू घास म्हणून तिकडे निघाली होती.

"निम्म्या दुरड्या आमच्या सुनीलच्या दारात उतरवा."

"अवो, तिथं कोन मेलंय?" धोंडाबाई म्हणाली. "जित्या घरात कडू घास? कायतरीच इपरीत बोलता तुमी."

सुनील हा प्रयागबाईंची धाकटी जाऊ साळुबाई हिचा मुलगा. धरणात कुणी बुडाले की गाव त्यालाच हाक मारी. नऊ वर्षांत त्याने अकरा प्रेते काठाला आणली. अकरावी समृद्धी. तेव्हापासून तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. अन्नाला शिवला नव्हता, अक्षर बोलला नव्हता. काल तरुण मंडळाने येऊन त्याच्या अंगावर शाल घातली, फोटो काढले. "आपली पानबुडी हाय राव ही!" म्हणत कुणी पाठीवर थाप मारली. जाताना एकाने शेजारी दारूची बाटली ठेवली. ती प्रयागबाईंनी सकाळी दगडावर फोडली होती.

"कोन मेलंय?" त्यांचा आवाज चढला. "अकरा मेलीत! तुमच्या घरात एकेक मयत झालं, ह्याच्या घरात अकरा. तुमी दहा दिस सुतक धरलं, दुसऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली, रडून मोकळ्या झाल्या. ह्यानं कवा रडायचं? धोंडाबाई, तुझा लेक ऋषी कुनी काढला गं वर? शाल घातली की फिटलं? लाज न्हाई वाटत?"

धोंडाबाईचा चेहरा उतरला. दुरडी मात्र कुणीच खाली ठेवली नाही.

"माझा ऋषी त्यानंच काढला," ती सावकाश म्हणाली, "न्हाई कशाला म्हनू? पन दर बारीला त्याला हाळी द्यायला कोन जायचं, प्रयागबाई? 'ऊठ, आपल्या घराण्याचं नाव हाय' म्हनून? तुमीच ना?"

प्रयागबाईंनी आडवी काठी खाली घेतली.

तेवढ्यात समोरचे दार वाजले. तेजस्विनी उंबऱ्याबाहेर आली. सुतकातल्या बाईने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचे नसते. पण तिला कुणी अडवले नाही. पुढच्या बाईच्या डोक्यावरची दुरडी तिने उतरवून घेतली, पडवीत जाऊन सुनीलजवळ भुईवर बसली आणि भाकरी मोडली.

"सुनीलभाऊ, माझ्याबी गळ्याखाली काय उतरंना. तुमी एक घास घ्या, मंग मी घेते."

तो भिंतीकडून वळला. मग त्याने तुकडा घेतला. तोंडापर्यंत नेण्याआधीच त्याला हुंदका फुटला, आणि मग तो थांबेना.

धोंडाबाईने डोळे पुसले आणि दुरडी पडवीत ठेवली. मागोमाग दुसरीने ठेवली.

प्रयागबाई आत गेल्या नाहीत. परक्या बाईने मयताच्या दारात टेकावे तशा, पदर पुढे ओढून, त्या बाहेरच्या पायरीवर बसल्या.

"आत या की, जाऊबाई," साळुबाई म्हणाली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं बोलावलं, मंग येईन."